गव्हर्नरचा धडा

"हे झालं गव्हर्नरसाहेबांचं म्हणणं. आता ज्यांनी मार खाल्ला, त्यांचं ऐकू." पुस्तक पालथं ठेवून आमचे इतिहासाचे सर असं म्हणत आणि वर्ग सावरून बसे.

आखातातल्या रिफा शहरातल्या आमच्या शाळेत मी गणित शिकवते. सर चिपळूणचे, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत फिरणारे. असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. अमेरिकेतल्या जुन्या इंग्रज वसाहतीच्या एका गव्हर्नरवर त्यांचा विशेष राग. पुस्तकात तो कर्तबगार, शिस्तीचा. सर मुलांना सांगत, की याच माणसाने मूळच्या लोकांची जमीन बळकावली, आणि समुद्रापलीकडून करारावर आणलेल्या गड्यांना मुदत संपेपर्यंत वसाहतीबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. पळाले त्यांना चाबकाने फोडलं.

पालक-दिनाला सातवीने त्याच गव्हर्नरचं नाटुकलं केलं. साहेब झालेली मुलगी पुठ्ठ्याची टोपी घालून अशी ऐटीत चालली, की हॉलभर हसू पसरलं. मग गडी झालेली मुलं एकेक करून आपली हकिगत सांगून गेली. पहिल्या रांगेत शाळेच्या कमिटीवरचे पुण्याचे एक गृहस्थ होते, मजूर पुरवणाऱ्या कंपनीत मॅनेजर. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत विचारलं, की पप्पा, आपल्या ड्रायव्हर लोकांचे पासपोर्ट तुमच्या कपाटात असतात, ते यासाठीच का?

लेकीला उत्तर द्यायचं सोडून गृहस्थांनी आठवड्याभरात सरांवर कमिटी बसवली. म्हणे, हे मुलांची मनं बिघडवतात. माफी लिहून द्या, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला, हे इथे कुणाला समजवावं लागत नाही. दुसऱ्यांचे पासपोर्ट दडपणारा न्याय करायला बसला आणि शिकवणारा आरोपी झाला. आजही संताप येतो.

सरांनी माफी लिहिली नाही. चौकशीच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही हॉलमध्ये होतात. मी खोटं काही शिकवलं नाही, एवढं उद्या सांगाल?"

"सर, माझाही व्हिसा शाळेचाच आहे हो."

त्यांनी डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवली. "बरोबर आहे. नका बोलू. मुलं लहान आहेत तुमची."

दुसऱ्या दिवशी कमिटीने विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? अकरा शिक्षक होतो आम्ही. मी हातातल्या पेनचं टोपण घट्ट बसवलं.

महिन्याभरात सर चिपळूणला परत गेले. त्या गृहस्थांचा राग अजून येतो. पण तो चारचौघांत बोलून दाखवायचा हक्क मला राहिलेला नाही.