ह्याची आय कोन?

रोपाची पिशवी डाव्या तळहातावर घ्यायची, उजव्या हाताच्या दोन बोटांनी शेंडा हलकेच वळवून बघायचा, आणि मग सोयरीक जुळवायला आल्यासारखं समोरच्याला विचारायचं, "ह्याची आय कोन?"

आमच्या रोपवाटिकेत आलेल्या कुठल्याच रोपाला मावशीची ही चौकशी चुकली नाही. एकदा बाहेरून टेंपो भरून साग आला. मावशीने मागची फळी धरली आणि ड्रायव्हरला विचारलं, "ह्यांची आय कोन रं?"

"मला काय माहीत? मी फक्त गाडी चालवतो."

"मग बिनआयची पोरं घेऊन फिरतोस कशाला?"

ड्रायव्हर चहा न घेता कर्जतकडे निघून गेला.

मी तिथे वनरक्षक होतो आणि ती हंगामी मजूर; सगळेच तिला मावशी म्हणत. कागदावर मी तिचा वरिष्ठ. प्रत्यक्षात काय होतं, ते तुम्ही अशी एखादी बाई कामावर पाहिली असेल तर मी सांगायला नको. ती मला "गार्ड" म्हणायची आणि माया आली की "गार्डा".

तिच्या गावामागचा डोंगरउतार बोडका झाला होता. तिथे झाडं लावायची होती. वरून परिपत्रक आलं: हवामान बदलतं आहे, नुसता साग लावू नका, ऐन, हिरडा, बेहडा अशी इथली झाडं मिसळून लावा, तग धरेल असं जंगल उभं करा. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"म्हंजे सरकारला बी कळलं," ती म्हणाली. "आमचा ओहोळ शिमग्याआधीच आटाया लागला तवाच मला कळलं व्हतं. मला नाय कुनी कागद पाठवला."

त्या ओहोळासाठीच ती कामावर येत होती. वर झाडं उभी राहिली तर पाणी आणखी महिनाभर टिकेल, एवढंच तिचं म्हणणं.

बी गोळा करायची तिची रीत जगावेगळी होती. आम्ही ओहोळाकाठच्या उंच, सरळसोट ऐनाखाली पोती पसरायचो. ती मात्र धापा टाकत वरच्या कातळावर जायची. तिथे दगडांच्या फटीत एक वाकडा, खुरटा ऐन होता. उतारावर उरलेल्या झाडांच्या फांद्या राबासाठी, म्हणजे भाताचा वाफा भाजायला, दरवर्षी तोडल्या जात. कातळावर इतक्या उंच कोयता घेऊन कोण जाणार? मावशी त्याचं बी पदरात बांधून आणायची.

"असल्या वाकड्या झाडाचं बी कशाला?" मी विचारलं.

"खालची झाडं खाऊनपिऊन सुखी. त्यांच्या पोरांना उपास ठावं नाय. पाऊस येतो नि महिनाभर तोंड दाखवत नाय, तवा ती रडणार. हिनं दगडात उन्हाळं काढलंत. हिची पोरं आधी मुळानं खाली जातात, मंग वर येतात."

कातळावरची रोपं ओळखू यावीत म्हणून ती आपल्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या चिंध्या फाडून पिशव्यांना बांधायची. सगळी रोपवाटिका नवस फेडल्यासारखी दिसायची.

आता माझ्याकडे येतो. हे लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

त्या वर्षी फाल्गुनात वणवा लागला आणि कातळावरचा तो ऐन जळून गेला. म्हणजे मावशीच्या हिरव्या चिंध्यांची रोपं ही त्याची शेवटची. आणि ती होती वीतभर. खालच्या ऐनाची रोपं त्यांच्या दुप्पट. मे महिन्यात मोठे साहेब पाहणीला येणार होते. मावशी त्या दिवशी दहिवलीला लग्नाला गेली होती. मी एकट्याने रोपं उंचीप्रमाणे लावली, चिंध्या सोडल्या, आणि वीतभर रोपं मागच्या खताच्या खड्ड्यात टाकली. रांग एकसारखी दिसली पाहिजे ना!

साहेब आले. रांगेकडे त्यांनी बघितलंही नाही. चहा घेतला, उकाड्याबद्दल बोलले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मावशी खड्ड्यात उतरून एकेक पिशवी वर काढत होती. निम्मी मोडली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात अशा शिव्या, की मी इथे लिहू शकत नाही.

"कुनी टाकली रं ही?"

मी म्हणालो, "तुमच्या जावेनं टाकली असतील. काल झाडलोट तिच्याकडे होती."

इतकं सहज बाहेर पडलं माझ्या तोंडून. बसमधल्या माणसाला किती वाजले ते सांगावं, तसं.

जाऊसुद्धा रोपवाटिकेतच कामाला. तिने शपथा घेतल्या. उपयोग झाला नाही. दोघींच्या घरांची मधली भिंत एकच, पण बोलणं बंद. अगदीच गरज पडली तर कोंबडीमार्फत. "कोंबडे, सांग तिला, वाळवण भिजतंय." पलीकडून उत्तर, "कोंबडे, तिला म्हन, मला डोळं हायेत." सगळं गाव हसायचं. मीही हसायचो आणि घरी येऊन जेवण जायचं नाही.

दोन वर्षं हे चाललं.

वाचलेली रोपं मावशीने स्वतःच्या हाताने उताराच्या वरच्या, खडकाळ भागात लावली. खाली आमची एकसारखी रांग. त्या जुलैत पाऊस असा गायब झाला की मातीला भेगा गेल्या. खालच्या रोपांचे शेंडे करपले, पुढच्या उन्हाळ्यात बरीचशी गेली. वरची मात्र हट्टाने जगली. तिसऱ्या पावसाळ्यात ती माझ्या कमरेला लागली. साहेब पुन्हा आले, वर चढले, माझ्या पाठीवर थाप मारली. त्या झाडांमध्ये माझा फोटो काढला. तो कार्यालयाच्या फलकावर लागला, खाली माझं नाव.

तो फोटो बघवेना. दुसऱ्याच दिवशी मी मावशीला उतारावर गाठलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. खड्डा, चिंध्या, जावेचं नाव. ती दगडावर बसून पायातला काटा काढत होती. तो काढून तिने लांब भिरकावला.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "खड्ड्याच्या कडंला तुझ्या बुटाचा ठसा व्हता. माझ्या जावंनं कंदी बूट घातलाय का रं?"

"मग तुम्ही तिच्याशी बोलत का नाही?"

"ते भांडण येगळंच हाय. बायांचं. तू नको पडू त्यात." आणि ती अशी खदखदून हसली की मलाही हसू आलं. "गार्डा, तुला काय वाटलं, आमी दोघी तुझ्यासाठी भांडतो? लई मोठा लागून गेलास!"

दोन वर्षांचं ओझं उतरवून मी शीळ घालत डोंगर उतरलो.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेली. दोन दिवसांचा ताप, बस्स. दहाव्याला गेलो तेव्हा जाऊ ओट्यावर एकटीच बसली होती. मधली भिंत तिच्या पाठीशी. बोलता बोलता मी विचारलं, "तुमचं ते भांडण नेमकं कशावरून होतं?"

"कशावरून म्हंजे? रोपांवरून. मी टाकली म्हनायची."

"आणि दुसरं? बायांचं?"

"दुसरं कुठलं? तिचं-माझं चाळीस वर्सांत तेवढंच एक भांडान." तिने पदराने तोंड पुसलं. "मंग एक दिवस सांजच्याला डोंगरावरून आली ती थेट माझ्या दारात. काय बोलली नाय. माझ्यासमोरची भाजी वढली नि निवडाया बसली. मी बी नाय इचारलं."

तो दिवस माझ्या कबुलीचा, हे मी तिला सांगितलं नाही. नंतर सांगितलं, पण दहाव्याला नाही.

आता रोपवाटिकेतलं मावशीचं काम तिची जाऊ बघते. कातळावरच्या ऐनाच्या पोरांना अजून बी धरलेलं नाही. त्याला बरीच वर्षं लागतील. पण डोंगराच्या मागच्या अंगाला तसलीच दोन खुरटी झाडं तिने शोधून काढली आहेत. बी आणलं, रोपं झाली, वीतभर. पिशव्यांना बांधायला तिने मावशीचं शेवटचं लुगडं फाडलं.

परवा साहेब येणार होते, नवे. मी सकाळीच जाऊन रांगांमधून फिरलो. वाऱ्यावर सगळ्या चिंध्या हलत होत्या. एकही सोडली नाही.