साल न लिहिलेली बाटली

बाटलीवर साल लिहिलेलं नव्हतं. मला शंका यायला तेवढं पुरेसं होतं.

जावई सहा महिने कंपनीच्या कामानं फ्रान्सला राहून आला आणि रविवारी जेवणाआधी त्यानं माझ्यासमोर एक बुटकी, पोट सुटलेली बाटली ठेवली. "मामाजी, कोन्याक आहे. तिकडची जुनी ब्रँडी. खास तुमच्यासाठी." आमच्या घरी ब्रँडी म्हणजे खोकल्याचं औषध, चमचाभर, मधातून, तेही तोंड वाकडं करून. सासऱ्याला बाटली देणारा जावई मी आजवर पाहिला नव्हता. याला माझ्याकडून काय पाहिजे असेल, हा पहिला विचार आला. दुसरा विचार, माल नकली असणार.

माझा तरी काय दोष? चाळीस वर्षं मिरचीचा व्यापार केला, अजूनही करतो. भिवापूरच्या मिरचीत कोण बाहेरची मिसळतो, मागच्या सालचा माल नव्या पोत्यात कोण भरतो, हे मी मिरची तळहातावर चुरगाळून, एकदा हुंगून सांगायचो. बाजारात म्हणायचे, या माणसाच्या नाकाले फसवता येत नाही. त्या नाकाचा मला भारी गर्व होता.

"जुनी म्हणता, मंग साल कुठं हाय?" मी विचारलं.

"साल बहुतेक नसतंच, मामाजी. वेगवेगळ्या वर्षांची ब्रँडी एकत्र करतात. हे एक्स ओ लिहिलंय ना, म्हणजे त्यातली सगळ्यात नवी ब्रँडीसुद्धा निदान दहा वर्षं लाकडी पिंपात राहिलेली असते."

"म्हणजे जुन्यात नवी मिसळतेत."

"हो. तीच तर त्यांची कला."

"आमच्याकडं त्याले भेसळ म्हणतेत."

तो हसला. मी नाही हसलो. रंगाचं विचारलं, तर म्हणाला, बराचसा पिंपाच्या लाकडाचाच, पण कधीकधी जळकी साखर थोडी टाकतात. घ्या! चोर आपल्याच तोंडानं कबूल करून राहिला होता.

त्यानं दोन पेल्यांत थोडी थोडी ओतली. पेला तळहातात धरा म्हणाला, हाताच्या उबेनं वास हळूहळू सुटतो. नाक एकदम आत घालू नका, नुसतं झोंबेल. आधी दुरून घ्या. तिथले जुने जाणकार थेंबभर तळहातावर चोळूनही हुंगतात, असंही त्यानं सांगितलं. ही एक गोष्ट मला पटली. मी थेंब हातावर घेतला, चोळला, हुंगला.

काहीच नाही. पेला दुरून हुंगला, जवळून हुंगला. नाकात झणका बसला, तेवढाच. घोट घेतला, तर जरासं गोड आणि घशाखाली जाळ. वास म्हणून काही नाहीच.

"नकली हाय," मी पेला ठेवून दिला. "स्पिरिटात रंग टाकला हाय. तुमाले कोणीतरी उल्लू बनवलं, नाहीतर तुमी मले बनवून राहिले."

पोराचं तोंड एवढंसं झालं. मुलगी स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आली. "बाबा, काहून असं बोलून राहिले? मले तिथवर वास आला!"

"तू तर नवऱ्याचीच बाजू घेशील."

"चल, निघू आपण," ती नवऱ्याला म्हणाली आणि तिनं पर्स उचलली. जेवण तसंच राहिलं होतं. माझाच स्वभाव तिच्यात उतरलाय. अशी उंबऱ्याबाहेर पडली असती तर वर्षभर परत फिरकली नसती. हे कळत होतं, तरी मी तिला थांबवलं नाही. नकली ते नकली.

तेव्हा माझी बायको पुढं झाली. दारूचं नाव काढलं तरी उठून जाणारी बाई. तिनं चक्क माझा पेला उचलून नाकाशी नेला. "बाई वं! मोहफुलं वाळत घातल्यावानी वास येते." ती कोणासाठी खोटं बोलणारी नाही.

"डोळे मिटा," ती म्हणाली. आत गेली, आली, माझ्या नाकाखाली काहीतरी धरलं. "सांगा, काय हाय?"

"काही नाही. रिकामी डबी."

"हिंग हाय."

मी डोळे उघडले. डबी काठोकाठ भरलेली होती.

"तापातून उठल्यापासून तुमाले वास येत नाही," ती हळूच म्हणाली. "मले चार महिन्यांपासून माहीत हाय. तुमी चहापत्ती तीनदा बदलवली, दूधवाल्याशी भांडले, उदबत्त्या नकली म्हणून फेकल्या. पण सांगू कशी? तुमचं सारं त्या नाकावरच तर होतं."

मागच्याच महिन्यात भिवापूरच्या एका शेतकऱ्याचा माल मी परत पाठवला होता. वीस वर्षांचा संबंध, आणि मी चारचौघांत म्हणालो, वास नाही, जुना माल हाय. तो पोती गाडीत टाकून निघून गेला. आता त्याच्या घरी जाऊन माफी मागायची होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जावई दारात एक बूट घालून उभा होता.

"जावईबापू, चुकलं माझं," मी म्हणालो. "बसा. काय वास येते, ते मले तुमी सांगा."

त्यानं बूट काढला. समोर बसला, पेला तळहातात धरून दुरून हुंगला. "आधी मनुका," तो म्हणाला. मी घोट घेतला आणि मनुका आठवून पाहिली. "आता वाळलेलं संत्र्याचं सालपट. त्याच्या मागून जुनं लाकूड. अगदी शेवटी थोडा मध."

माझ्या जिभेवर नुसता जाळ होता. हा मनचं काहीही सांगत असेल, तर मला कळणार कसं? हातावर चोळून पाहायची सोय राहिली नव्हती.

"मध?"

"हो, मामाजी."

"असन," मी म्हणालो, आणि पेला पुन्हा पुढं केला.