घाम पुसण्याचं काम

तलवारींच्या आणि राक्षसांच्या सिनेमांचं वेड मला अब्बांनी लावलं. मंडईजवळ त्यांचं कुलपांचं दुकान होतं. सुट्टीच्या दिवशी ते मला सिनेमाला न्यायचे आणि परतताना हिरोची झडती घ्यायचे. "ज्याला तलवार जड वाटते तो खरा," म्हणायचे, "हलकी वाटली की समजायचं, पत्र्याची आहे."

ते मला कायमचं पटलं. आजही मला आवडतात ते सिनेमे, ज्यांत हिरोला धाप लागते, मूठ घसरते, पळून जाता येईल का म्हणून तो एकदा मागे बघतो. ड्रॅगन कितीही मोठा असू दे, समोरचा माणूस आपल्यासारखा हवा. नाहीतर नुसती आतषबाजी.

पुढे खराडीत नोकरी लागली, सिनेमांतली दृश्यं कॉम्प्युटरवर दुरुस्त करायची. हिरोला हवेत उचलणारी कमरेची दोरी पुसायची, हिरव्या पडद्याजागी डोंगर बसवायचे. अशातच तलवारींचा एक मोठा सिनेमा आला. त्यात लढाई संपल्यावर हिरो एकटाच गडाच्या पायऱ्या चढतो. नट उतारवयाचा. त्याला खरोखरच दम लागला होता. मध्येच थांबून त्याने भिंतीला हात टेकला, तोंड उघडं, मानेवरून घाम. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मग दिग्दर्शकाकडून आलेली सूचना वाचली: घाम काढा, मानेची कातडी घट्ट करा, थांबणं कापा.

मी सुपरवायझरकडे गेले. "सर, हा शॉट असाच राहू दे ना. सगळी लढाई या धापेमुळे खरी वाटते."

त्याने स्क्रीनवरून नजर हलवली नाही. "आपण दिग्दर्शक कधी झालात? कळवलं नाहीत."

मागे कोणीतरी हसलं.

"निदान विचारून तरी बघा."

"विचारलंय. त्यांना देव हवाय. दमलेली माणसं बाहेर रस्त्यावर फुकट दिसतात."

मी काम केलं. चांगलं केलं, हाच त्रास. हिरो सरकत्या जिन्यावरून गेल्यासारखा वर गेला.

सिनेमा लागला तेव्हा अब्बांना घेऊन गेले. त्या शॉटला थिएटरभर शिट्ट्या वाजल्या. अब्बांनीही टाळ्या वाजवल्या. "काय चढला बघ, या वयात!"

सिनेमा सुटल्यावर ते कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. मी खाली थांबले होते. रिक्षात बसल्यावर सांगितलं, "अब्बा, तो दमला होता. ते मी पुसलं."

ते गुडघे चोळत राहिले. मग म्हणाले, "बरं केलंस. दमलेला माणूस बघायला तिकीट कोण काढतं?"

निदान यांना तरी राग येईल, असं मला वाटलं होतं.

काही महिन्यांनी ऑफिसने सांगितलं, पुसण्याची कामं आता मशीनच करेल. आमची अख्खी टीम गेली, सुपरवायझरसकट. लिफ्टमध्ये तो माझ्या शेजारीच उभा होता. आम्ही दोघंही मजल्यांचे आकडे बघत राहिलो. आता मी दुसरीकडे दागिन्यांच्या जाहिरातींतल्या नवऱ्या मुलींच्या माना गुळगुळीत करते.

त्या सिनेमाचा दुसरा भाग आला. अब्बांनी विचारलं, "जायचं?" "तुम्ही जा," म्हटलं. ते शेजारच्या चाचांबरोबर गेले आणि घरी येऊन कौतुकाने गोष्ट सांगायला लागले. मी टीव्हीचा आवाज वाढवला.