हातमोजे आमच्या स्प्रिंटमध्ये नव्हते

शोभाताईंना लाइनवरून काढायचं ठरलं, तेही आमच्या अ‍ॅपच्या रिपोर्टवरून. सांवेर रोडच्या एका औषध कारखान्यात त्या गोळ्यांच्या पॅकिंगवर होत्या. पेटी भरली की टॅबवर बटण दाबायचं, एवढाच अ‍ॅपचा उपयोग. रिपोर्ट म्हणत होता, ताई दोन-दोन तास नुसत्या बसून असतात.

मी त्या अ‍ॅपची डिझायनर. पलासियाच्या आमच्या ऑफिसात काम स्प्रिंटमध्ये चालतं. म्हणजे दोन आठवड्यांत थोडं बनवायचं, वापरणाऱ्याला दाखवायचं, तो सांगेल तसं सुधारायचं. बनवणं आमचं जोरात होतं. दाखवायचो मात्र कारखान्याच्या मॅनेजरना, सक्सेनाजींना. ते एसीत बसून बटणं दाबायचे आणि "बढिया!" म्हणायचे. सहा डेमो असेच झाले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

कारखान्यात जाऊन येते, असं मी पहिल्याच आठवड्यात प्रोजेक्ट मॅनेजर समीरला म्हटलं होतं.

"अगं, स्प्रिंटमध्ये टाइम किधर है? सक्सेनाजी आहेत ना, तेच युजर समज."

आता मी न विचारताच गेले. शोभाताई परदेशीपुऱ्याच्या, बोलायला मोकळ्या.

"मॅडम, गोळ्या खुल्या असताना हातमोजे काढले तर रूल टूटतो. घालून दाबलं तर तुमचा टॅब ऐकतच नाही. आता बताओ, मी काय करू?"

म्हणून त्या समोरच्या तक्त्यावर रेघा ओढत आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्या पेट्या एकदम टॅबवर चढवत. अ‍ॅपला मधला वेळ रिकामा दिसे.

"इतकी वर्षं झाली इथे, कामचोर कोणी नाही म्हटलं," त्या म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक आमची आणि नोकरी जाणार त्यांची?

ऑफिसात परतून मी समीरला सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "नेक्स्ट स्प्रिंटमध्ये टाकू ना."

"तोपर्यंत त्या घरी बसतील. कारखान्याच्या मालकांना फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर."

आढेवेढे घेत त्याने लावला. शोभाताई पॅकिंगच्या लाइनवरच राहिल्या. पायाने दाबायचं बटण द्या, हे त्यांनीच सुचवलं. तीन दिवसांत बसलं. क्लायंटच्या मेलमध्ये समीरने त्याला 'टीमची आयडिया' म्हटलं.

वेगाने काम जरूर करावं. पण ज्याला ते वापरायचंय त्यालाच विचारलं नाही, तर चूकही तितक्याच वेगाने होते आणि भोगतो दुसराच. शोभाताईंना सॉरी म्हणायला मात्र ऑफिसात कुणाला वेळ झाला नाही. शेवटी मीच जाऊन म्हणाले.