टिटवीची अंडी धुऱ्यावर

लग्नानंतरचा पहिला ज्येष्ठ मला अजून झोपेत दिसतो. जळगाव जामोदच्या पलीकडे आमचं वावर. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ होती. दुपारच्या उन्हात ती थरथरायची आणि जमिनीपासून सुटल्यासारखी वाटायची. हिवराच्या सावलीत तितरं धुळीत लोळायची. मी सासऱ्यांची भाकरी घेऊन जायची आणि त्यांचं जेवण होईपर्यंत लांब बसून हे बघत राहायची.

एकदा खालच्या वावरात, धुऱ्याजवळच्या, म्हणजे उंच बांधाजवळच्या खळग्यात, टिटवीची चार अंडी दिसली. मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची. चार दिवसांत वखर तिथवर येणार होता. मी रोज ती दोन हात सरकवायची, भोवती खडे मांडायची. टिटवी डोक्यावर ओरडत फिरायची, मग येऊन बसायची. चौथ्या दिवशी अंडी धुऱ्यावर पोचली.

दुसऱ्या दिवशी सासरे घरी आले ते खुशीतच. सासूबाईंना म्हणाले, "टिटवीनं धुऱ्यावर अंडे घातले वं! यंदा पाणी लय पडते. खाली कपाशी सडीन. सरकी वरच्या बरडावर टाकू."

टिटवी जितकी उंच अंडी घालते तितका पाऊस जास्त, असं आमच्याकडे सगळेच मानतात. आणि पाऊस कमी झाला तर बरडाच्या मुरमाड जमिनीवरची कपाशी जळून जाणार, वर्षाचं पीक जाणार. मी सासऱ्यांसमोर कधी बोलले नव्हते. दोन दिवस वावरात नुसती बसून राहिले. खालच्या वावरात मृगजळ पाण्यासारखं हलत होतं आणि धुऱ्यावरून टिटवी माझ्याकडे बघत होती.

तिसऱ्या सकाळी सासूबाई पेरणीसाठी सरकी शेणामातीत चोळायला बसल्या. मी दाराआडून म्हणाले, "मामाजी, थे अंडे म्या ठेवले धुऱ्यावर."

"माय वं!" सासूबाई म्हणाल्या. "मले वाटलं मुकीच सून आणली."

"पहिले कुठी होते?" सासऱ्यांनी विचारलं.

"खाली. खळग्यात."

"म्हंजे यंदाचा पाऊस सुनेनंच ठरवला!" ते हसले की रागावले, पदराआडून कळलं नाही. मग म्हणाले, "सरकी खालीच टाकू. पण टिटवी उठून गेली नाही काऊन?"

"रोज दोनच हात सरकवले, मामाजी."

"आन् काय काय दिसते तुले तिथं?"

मी सांगत गेले. बोरीच्या जाळीतली तितरीण, मुंगसाची तीन पिलं, तरवडाच्या झुडपावरचं सुगरणीच्या खोप्यासारखं पण इवलंसं घरटं. सासूबाई म्हणाल्या, "बस कर वं आता, सरकीले हात लाव."