आईच्या नावाची चिठ्ठी

अक्काला फिट यायच्या. हे रेणापुरात आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते लातूरच्या एका डॉक्टरला. त्यानंच आईला तोडगा सांगितला. "मावशी, पोरीचं लग्न व्हायचंय ना? मग चिठ्ठी तुमच्या नावानं करू. सगळे तसंच करतात." सगळे तसंच करतात, हे खरंच होतं. त्याच्या दवाखान्यात आईची फाईल निघाली. आईला जन्मात कधी फिट आलेली नाही. पण कागदावर ती सात वर्षं फिटची रोगी होती आणि अक्का ठणठणीत होती.

ठणठणीत अक्काचं लग्न देगलूरच्या कापडदुकानवाल्यांत झालं. आई दर महिन्याला लातूरला जाई, गोळ्या घेई आणि हळदीच्या डब्यात घालून देगलूरला पोचवी. लग्नानंतर एकदा अक्काला न्हाणीघरात फिट आली. सासूला वाटलं, पाय घसरला. आई घाबरून डॉक्टरकडे गेली. त्यानं अक्काला न बघता गोळी बदलली. नव्या गोळीनं अंगावर काही उठलं तर ती त्याच क्षणी बंद करायची असते. हे त्यानं सांगितलं नाही. औषधांच्या दुकानदारानं पाकिटातून कापून सुट्या गोळ्या दिल्या, त्यामुळं आतलं पत्रक आमच्यापर्यंत आलंच नाही. पुढं मी ते मिळवून वाचलं. मी स्वतः संघटनेची पत्रकं लिहिते. भिंगाशिवाय दिसू नये म्हणून छापलेलं पत्रक मी पहिल्यांदा बघितलं.

दोन आठवड्यांनी अक्काच्या तोंडात फोड आले, ताप चढला, छाती लाल झाली. तिनं गुपचूप आईला फोन केला, आईनं डॉक्टरला. "उष्णता आहे. गोळी बंद करू नका, नाहीतर फिट येईल." अक्कानं आणखी चार दिवस गोळी घेतली.

मग तिला नांदेडला आणलं. मी तिथंच राहत होते, संघटनेचं काम करत होते. मी पोचले तेव्हा तिला भाजलेल्यांच्या वॉर्डात ठेवलं होतं. चादर बदलताना पाठीची कातडी चादरीसोबत निघाली. पापण्या चिकटल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी आईला विचारलं, "कोणती गोळी चालू होती?"

शेजारी अक्काची सासू उभी होती.

"कोणतीच न्हाई," आई म्हणाली.

मी ऐकलं, आणि मीही गप्प बसले. मी, जिच्या पत्रकांवर 'गप्प बसू नका' असं ठळक अक्षरांत असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या डॉक्टरांना जिन्यात गाठून सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "काल सांगायचं."

अक्का जगली. नखं परत आली, कातडी परत आली, ठिपक्याठिपक्यांची. डोळे परत आले नाहीत. उजव्यानं हाताची हालचाल कळते, डाव्यानं नुसता उजेड, आणि तो सुईसारखा टोचतो. सासरच्यांनी तिला रेणापूरला पाठवलं, "आरामाला." गोळी डोकेदुखीची होती, असं आम्ही त्यांना सांगितलं होतं. नवरा रविवारी फोन करायचा. अक्का त्या फोनवर जगत होती.

केस करायची म्हटल्यावर अक्का म्हणाली, "नको. फिटचं बाहेर येईल."

"मग त्यानं उद्या दुसऱ्या पोरीचे डोळे घालवायचे?"

"तुला दुसरी पोरगी दिसून राहिली. मी?"

मी आठवडाभर तिच्या कानाशी बोलत राहिले. शेवटी कंटाळून तिनं सही केली. पेन मी टेकवलं तिथं.

लातूरच्या ग्राहक आयोगात तक्रार गेली. आमच्या वकीलबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "फाईल आईंची आहे. गोळी कुणासाठी होती हे डॉक्टरला माहीत होतं, याला आईंच्या शब्दाशिवाय पुरावा नाही." तिथं उलटतपास बहुतेक लेखी प्रश्नांवर होतो. डॉक्टरच्या वकिलानं अर्ज देऊन आईला समोर बोलावून घेतलं.

"आजी, ही फाईल तुमची?"

"हाव."

"तुम्हाला फिट येते?"

"न्हाई."

"म्हणजे डॉक्टरांना फसवलं."

"त्यायनंच सांगितलं तसं लिव्हायला."

"जावयाला लग्नाआधी सांगितलं होतं?"

वकीलबाईंनी हरकत घेतली. तो हसून म्हणाला, "आजी खरं बोलतात का, एवढंच बघायचंय."

"न्हाई सांगितलं," आई म्हणाली.

"नांदेडच्या केसपेपरवर लिहिलंय, औषध कोणतंच नाही, असं आईनं सांगितलं. ते?"

"इहीनबाई हुब्या होत्या."

मागं कुणीतरी हसलं. वकिलानं बसायला खुर्ची मागं ओढली होती. तेवढ्यात आईला वाटलं, आपली बाजू पडतेय, काहीतरी सांगायला पाहिजे. ती आपणहून बोलली. "म्या डॉक्टरसायबाचं एक अक्षर मोडलं न्हाई. ते म्हणले गोळी बंद करू नका. म्हणून मी दवाखान्यातबी दिली. कुटून, चमच्यानं. दोनदा."

वकील उभाच राहिला. "हे नोंदवून घ्यावं," म्हणाला.

मला हे माहीत नव्हतं. मी जिन्यात बोलेपर्यंतच्या त्या एका दिवसात आईनं त्या सोललेल्या तोंडात ती गोळी दोनदा घातली होती. मी आदल्या दिवशी बोलले असते तर घातली नसती.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर आईजवळ थांबला. "मावशी, बीपीची गोळी वेळेवर घेता ना?" आई सवयीनं म्हणाली, "हाव, सायब."

तक्रार फेटाळली. फाईलमधली रोगी आणि तक्रारदार वेगळ्या, आणि आईची साक्ष विश्वासार्ह नाही. महिन्याभरात देगलूरहून नोटीस आली. फिटचा आजार लपवून फसवणूक केली, लग्न रद्द करा. सोबत आयोगाच्या निकालाची प्रत, आईच्या साक्षीखाली रेघ मारलेली. डॉक्टरविरुद्ध जिचं बोलणं खोटं ठरलं, तिचंच बोलणं अक्काविरुद्ध पुरावा झालं. रविवारचा फोन त्याआधीच थांबला होता.

अक्का म्हणाली, "निकाल वाच. सगळा." खिडक्यांना जाड पडदे लावलेल्या खोलीत मी वाचत होते. आई उंबऱ्याशी शेंगा फोडत होती. एका परिच्छेदाशी मी पान उलटलं.

"गाळलंस," अक्का म्हणाली. "तुझा आवाज बदलला."

मी वाचलं. "रुग्णालयात दाखल झाल्यानंतरही साक्षीदाराने सदर औषध कोणालाही न सांगता रुग्णास दोन वेळा दिले."

शेंगा फोडायचा आवाज थांबला.

"आई?"

आईनं फोलपटं गोळा करायला घेतली.

"तू कुठं होतीस?" अक्कानं मला विचारलं.

"तिथंच. दुसऱ्या दिवशी बोलले."

मला येतं तेच मी बोलले. वरच्या आयोगाकडं जाता येईल, मुदत अजून आहे, वकीलबाईंशी बोलते, अपील करू.

"कुणावर?" अक्का म्हणाली.