आठ सेकंद आणि लाल्याची माफी

गेल्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या भावाने मला बैलाची माफी मागायला लावली, आणि मी ती दोन्ही हात जोडून मागितली.

सुरुवात टीव्हीपासून झाली. आमची ऋचा नववीत. साखरखेर्ड्यातल्या आमच्या घरी ती परदेशातली एक स्पर्धा बघत बसायची. उधळलेल्या बैलावर माणूस बसतो, एक हात वर धरतो आणि आठ सेकंद टिकला तर जिंकतो. मी पडलो शिक्षक! या वयात मुलं बघतात तेच करतात, असं सांगून मी टीव्ही बंद केला.

"तुम्ही एकदा पाहून तं घ्या," बायको म्हणाली, "मंग बंद करा."

हे मला पटलं. मुलांसाठी योग्य की अयोग्य, हे ठरवायला मी वही-पेन घेऊन बसलो. रोज बसलो. पंधरा दिवस बसलो! (तपासणी बारकाईने करायची असते.) तोल कसा सावरायचा, गुडघे कुठे आवळायचे, सगळं टिपून घेतलं. ऋचा शेजारच्या खोलीत गणितं सोडवायची आणि मधूनमधून निकाल लागला का म्हणून विचारायची. निकाल काही लागत नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही शेतावर दादाकडे गेलो. त्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढणारे बैलाचे खांदे हळद आणि तुपाने चोळायचे आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' असं त्याला रीतसर आमंत्रण द्यायचं. दादाने पळसाच्या पानाने लाल्याचे खांदे, मान, वशिंड असं सगळं मायेने चोळलं आणि आणखी तूप आणायला तो आत गेला.

तेवढ्यात ऋचाने मला गाठलं. "बाबा, लाल्यावर आठ सेकंद बसून दाखवा. बसले तं मी ते बघणं सोडते. पडले तं मले बघू द्यायचं."

मी मनात हसलो. लाल्या इतका गरीब, की कावळे त्याच्या पाठीवर बसून भांडतात. मी लगेच कबूल झालो, ओट्यावर चढलो, तिथून लाल्याच्या पाठीवर टांग टाकली, थेट वशिंडाला चिकटून बसलो आणि शिकल्याप्रमाणे एक हात वर केला.

तूप मी विसरलो होतो.

डाव्या अंगाने कधी घसरलो ते मलाही कळलं नाही. जाताना आधाराला वशिंड धरलं, तर तेही हातातून सुटलं. खाली शेण होतं म्हणून बरं, असं बायको नंतर म्हणाली. लाल्या जागचा हललासुद्धा नव्हता. त्याने फक्त मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"दोन सेकंद," ऋचा म्हणाली. "तेबी पडायचा टाइम धरून."

दादा तुपाची वाटी घेऊन दारात उभा होता. मला वाटलं, लागलं का म्हणून विचारेल.

"काऊन बे," तो हळू आवाजात म्हणाला, "वरीसभर जू असते त्याच्या खांद्यावर. आज उतरवलं, तं तू जाऊन बसला?"

खरंच लाज वाटली. मी लाल्यासमोर हात जोडले. त्याने माझ्या शर्टाचं तूप चाटलं, त्यावरून माफी मिळाली असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी लाल्या पुरणपोळी जेवला. घरी आल्यावर ऋचाने माझी वही आणून दिली. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात निकाल लिहिलेला होता: 'नववीच्या मुलांनी बघायला हरकत नाही. त्यांच्या बाबांना बघू देऊ नये.'

मी शिक्षक आहे. उत्तर बरोबर होतं. लाल पेन काढून मी बरोबरची खूण केली, उभ्यानेच. बसणं अजून आठवडाभर जमणार नव्हतं.